पंचगंगा : पाणी बदलता येते, नदी बदलता येत नाही

पंचगंगा ही महाराष्ट्रातील लांबीने लहान, परंतु लोकजीवनाच्या दृष्टीने मोठी नदी आहे. कोल्हापूरजवळील प्रयाग चिखली येथे ती आकाराला येते आणि अवघ्या ८० किलोमीटरच्या आसपास प्रवास करून नृसिंहवाडी येथे कृष्णेला मिळते. एवढ्याशा अंतरात एक जुने संस्थानी शहर, एक मोठी वस्त्रनगरी, औद्योगिक वसाहती, साखर कारखाने आणि उसाने वेढलेली असंख्य गावे तिच्या पाण्यावर जगतात आणि त्यातील बहुतेक जण वापरलेले पाणी पुन्हा तिच्याच पात्रात सोडतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे निश्चित केले, त्यापैकी सर्वाधिक ५३ महाराष्ट्रातील होते. २०२२ च्या फेरआढाव्यात देशातील पट्ट्यांची संख्या ३११ पर्यंत घटली, महाराष्ट्राची मात्र ५५ वर गेली. पंचगंगा या यादीत अनेक वर्षे ठाण मांडून आहे.

प्रदूषणाच्या या प्रश्नाला दोन प्रकारची उत्तरे असू शकतात. एक म्हणजे नदी स्वच्छ करणे आणि दुसरे म्हणजे दुसऱ्या नदीचे पाणी आणणे. पंचगंगेच्या काठावरील दोन्ही मोठ्या शहरांनी पहिल्या उत्तराविषयी चर्चा केली आणि दुसऱ्या उत्तरासाठी जलवाहिन्यांचा आग्रह धरला. शहराची तहान त्यामुळे भागू शकते, परंतु नदी, तिच्यातील जीवसृष्टी आणि खालच्या अंगाची गावे यांचे काय, हा प्रश्न जागेवरच राहतो. पंचगंगेचे दुखणे समजून घेताना हा मुद्दा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पाच प्रवाहांची नदी

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या सह्याद्रीतून उतरणाऱ्या चार नद्या आणि श्रद्धेनुसार गुप्त असलेली सरस्वती अशा पाच प्रवाहांमुळे नदीला पंचगंगा हे नाव पडले. पश्चिमेकडील राधानगरी, गगनबावडा, पन्हाळा आणि शाहूवाडी तालुक्यांत पावसाचे प्रमाण मोठे आहे. भोगावतीवर राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून उभे राहिलेले राधानगरी धरण आणि अन्य उपनद्यांवरील धरणे यांमुळे उन्हाळ्यातही नदीत पाणी सोडता येते. पंचगंगा ही त्या अर्थाने दुष्काळी नदी नव्हे. पाणी आहे, पण ते वापरण्याजोगे उरत नाही, ही तिची व्यथा आहे.

चिखलीच्या संगमानंतर नदी कोल्हापूरला वळसा घालून पूर्वेकडे वळते. करवीरनंतर हातकणंगले आणि शिरोळ हे तालुके तिच्या काठावर येतात. उतार कमी होत जातो, पात्र संथ होते आणि काठाची काळी जमीन उसाखाली जाते. शेवटच्या टप्प्यात नृसिंहवाडीचे दत्तक्षेत्र आहे. पुराचे पाणी मंदिरात शिरून दक्षिणद्वारातून बाहेर पडते तेव्हा त्यात स्नान करण्यासाठी दूरदूरचे भाविक येतात. ज्या नदीला माथ्यावर धरले जाते, तिच्यातच वरच्या अंगाची शहरे मैलापाणी सोडतात, हा विरोधाभास केवळ पंचगंगेपुरता नाही, पण येथे तो फार जवळजवळ दिसतो.

पाण्यातील प्राणवायूचा हिशेब

नदी प्रदूषित झाली म्हणजे नेमके काय झाले, हे समजण्यासाठी पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचा हिशेब पाहावा लागतो. मासे, शिंपले, कीटकांच्या अळ्या आणि उपयुक्त जीवाणू याच प्राणवायूवर जगतात. आपल्याकडील तापमानाला स्वच्छ, वाहत्या पाण्यात प्रत्येक लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू असू शकतो. पाणी तापले की हे प्रमाण आणखी घटते. केंद्रीय मंडळाच्या निकषानुसार स्नानासाठी योग्य पाण्यात तो किमान ५ मिलिग्रॅम, तर मत्स्यजीवनासाठी किमान ४ मिलिग्रॅम असावा लागतो.

मैलापाणी किंवा अन्य सेंद्रिय घाण पाण्यात मिसळली की जीवाणू तिचे विघटन सुरू करतात आणि त्यासाठी पाण्यातील प्राणवायू वापरतात. या गरजेला जैवरासायनिक प्राणवायू मागणी म्हणतात. प्रयोगशाळेत ठरावीक दिवस व ठरावीक तापमानात पाण्याचा नमुना ठेवून ती मोजली जाते. स्नानयोग्य पाण्यासाठी ही मागणी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असा निकष आहे. प्रक्रिया न केलेल्या शहरी मैलापाण्यात ती साधारणपणे २०० ते ३०० मिलिग्रॅम असते.

या आकड्यांचा अर्थ एका साध्या गणिताने स्पष्ट होतो. दहा लाख लिटर मैलापाण्याची मागणी २५० मिलिग्रॅम धरली, तर त्याच्या विघटनाला २५० किलो प्राणवायू लागेल. दहा लाख लिटर स्वच्छ नदीच्या पाण्यात एकूण प्राणवायूच ८ किलोच्या आसपास असतो आणि तो ५ किलोच्या खाली जाऊ द्यायचा नाही, असे ठरवले तर प्रत्यक्षात ३ किलोच हाताशी राहतो. म्हणजेच एक भाग मैलापाणी पचवण्यासाठी ८० भागांहून अधिक स्वच्छ पाणी हवे. वाहते पाणी हवेतून पुन्हा प्राणवायू घेते, त्यामुळे प्रत्यक्षातील प्रमाण काहीसे सुसह्य होते. तरीही ‘वाहते पाणी निर्मळ’ ही जुनी समजूत छोट्या गावांच्या काळात खरी होती आणि लाखोंच्या शहरांच्या काळात का खोटी ठरते, हे या हिशेबातून कळते.

घाण येते कोठून?

पंचगंगेच्या प्रदूषणाचे प्रमुख स्रोत चार आहेत. पहिला आणि अखंड चालणारा स्रोत म्हणजे घरगुती सांडपाणी. कोल्हापूर शहरातून जयंती, दुधाळी यांसारखे नाले नदीकडे वाहतात. कधीकाळी पावसाळी ओढे असलेले हे प्रवाह शहर वाढत गेले तसे बारमाही गटारे बनले. कसबा बावडा येथे दररोज ७६ दशलक्ष लिटर आणि दुधाळी येथे १७ दशलक्ष लिटर क्षमतेची प्रक्रिया केंद्रे उभारण्यात आली. नाल्यावर बांध घालून मैलापाणी अडवायचे आणि पंपाने उचलून केंद्रापर्यंत न्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. पंप बंद पडला, वीज गेली किंवा जोराचा पाऊस झाला की बांधावरून ओसंडणारे पाणी थेट नदी गाठते. शहराबाहेर वाढलेली उपनगरे आणि मोठी गावे यांचा प्रश्न तर आणखी बिकट आहे. तेथे घरोघरी नळ पोहोचले, पण भुयारी गटारे पोहोचली नाहीत. नळाने आलेले पाणी ओढ्याने नदीत जाते.

दुसरा स्रोत इचलकरंजीचा वस्त्रोद्योग. महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहरात यंत्रमागांबरोबर सायझिंग आणि प्रोसेसिंगचे उद्योग वाढले. सुताला खळ देण्यासाठी वापरलेला स्टार्च धुतला गेला की पाण्याची प्राणवायूची मागणी वाढते. रंगाईच्या पाण्यात रंगद्रव्ये, क्षार आणि अल्कली असतात. रंगामुळे सूर्यप्रकाश पाण्यात खोलवर जात नाही आणि तळाच्या वनस्पतींची वाढ खुंटते. क्षारांची गोष्ट वेगळीच आहे. मैलापाण्यासाठी वापरली जाणारी जैविक प्रक्रिया त्यांना काढू शकत नाही. सामुदायिक प्रक्रिया केंद्र असूनही शहरातून वाहणाऱ्या काळ्या ओढ्याचे नाव आजही त्याच्या पाण्याची ओळख सांगते.

तिसरा स्रोत साखर आणि मद्यार्क निर्मितीचा. बोलीभाषेत ‘मळीमिश्रित पाणी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आसवनीच्या सांडपाण्याची प्राणवायूची मागणी लिटरमागे ४० ते ६० हजार मिलिग्रॅमपर्यंत असू शकते. ती ५० हजार धरली, तर दहा हजार लिटरचा एक टँकर नदीला वीस लाख लिटर मैलापाण्याइतका भार देऊ शकतो. रात्रीच्या अंधारात रिकामा केलेला एक टँकर मासे मारायला का पुरतो, याचे उत्तर येथे आहे. त्यात भर म्हणजे गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर संपतो. कारखाने चालू असतात नेमके तेव्हाच नदीचा प्रवाह उतरत जातो.

चौथा स्रोत शेतीचा. त्याला तोंड नसते, नळ नसतो, त्यामुळे त्याच्यावर बोटही ठेवता येत नाही. उसाला भरमसाट पाणी आणि रासायनिक खते दिली की न वापरले गेलेले नत्र व स्फुरद निचऱ्यातून नदीत येते. याच सवयीने शिरोळ तालुक्यातील मोठे क्षेत्र क्षारपड झाले आहे. जमिनीचे आणि नदीचे आजार येथे एकाच पाण्यातून वाढले.

बंधारे आणि केंदाळ

पंचगंगेवर शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ असे बंधारे आहेत. दगडी खांबांच्या खाचांत पावसाळा संपल्यावर बरगे घालायचे आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी ते काढायचे, ही ‘कोल्हापूर पद्धत’ राज्यभर गाजली. कमी खर्चात पाणी अडवण्याची ही युक्ती शेतीला वरदान ठरली, यात शंका नाही. मात्र पाणी स्वच्छ राहील, हे या पद्धतीत गृहीत धरलेले होते. मैलापाणी येऊ लागल्यावर प्रत्येक बंधाऱ्यामागे वाहत्या नदीचे एक साचलेले तळे तयार झाले. वाहताना हवेतून मिळणारा प्राणवायू तेथे मिळेनासा झाला आणि घाण तळाशी गाळ होऊन बसू लागली.

अशा संथ, नत्र आणि स्फुरदाने भरलेल्या पाण्यात जलपर्णी फोफावते. या भागात तिला केंदाळ म्हणतात. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती अनुकूल परिस्थितीत साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचे बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहते. केंदाळाचा गालिचा पाण्यावर पसरला की खाली प्रकाश जात नाही, हवा मिसळत नाही आणि कुजणारी पाने उरलासुरला प्राणवायूही संपवतात. दरवर्षी यंत्रांनी आणि श्रमदानाने केंदाळ काढले जाते, ते आवश्यकही आहे. परंतु केंदाळ हे रोगाचे लक्षण आहे, रोग नव्हे. पाण्यातील खत कमी झाल्याशिवाय ते पुन्हा येणारच. कोल्हापूरच्या रंकाळा तलावात मैलापाण्याबरोबर आलेल्या पोषकद्रव्यांमुळे नीलहरित शेवाळाची बेसुमार वाढ होऊन पाणी हिरवेगार पडले होते, तेही याच कारणाचे दुसरे रूप होते.

मासे मरतात तेव्हा

उन्हाळ्यात तेरवाड किंवा शिरोळ बंधाऱ्याजवळ मृत माशांचा खच पडल्याच्या बातम्या वारंवार येतात. पात्रातील पाणी कमी असते, उष्णतेने प्राणवायू घटलेला असतो आणि वरच्या अंगाने घाणीचा नवा लोंढा येतो. पहाटेच्या वेळी परिस्थिती सर्वांत बिकट होते, कारण रात्रभर वनस्पती व शेवाळ प्राणवायू तयार न करता केवळ वापरत असतात. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. सूर्य वर येईपर्यंत त्यातले अनेक मेलेले असतात. बरगे काढताना किंवा पहिल्या पावसात तळाचा काळा गाळ ढवळला गेला, तरी हेच घडते.

या घटनांमध्ये सर्व मासे सारखे मरत नाहीत. मरळ आणि मांगूर पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकतात. बाहेरून आलेला चिलापी कमी प्राणवायूत तग धरतो. स्वच्छ, खळाळत्या पाण्याची आणि वाळू-गोट्यांच्या तळाची गरज असलेले देशी मासे मात्र आधी जातात. त्यामुळे जाळ्यात मासे सापडतात म्हणजे नदी जिवंत आहे, असे म्हणता येत नाही. कोणते मासे सापडतात, हे पाहावे लागते. मासे येण्याआधीची साखळीही तुटलेली असते. पाणी गाळून खाणारे शिंपले वाळूउपशाने आणि गाळाने नाहीसे होतात. स्वच्छ पाण्यात वाढणाऱ्या कीटकांच्या अळ्या जातात आणि त्यांच्या जागी घाणीत तगणाऱ्या लाल अळ्या येतात. नदी स्वतःला शुद्ध करते ती याच जीवांच्या बळावर. ते गेले की तिची शुद्ध होण्याची ताकदही जाते.

नदीवर पोट असलेल्या भोई कुटुंबांना याची झळ प्रथम बसते. पाणी विकत घेण्याची किंवा दूरवरून आणण्याची सोय नसलेल्या काठावरच्या गावांना ती पाठोपाठ बसते. नदीतील पाणी पिण्यास अयोग्य झाल्याची किंमत काय असते, हे २०१२ मध्ये इचलकरंजीने अनुभवले. दूषित पाण्यातून पसरलेल्या काविळीच्या साथीत हजारो लोक आजारी पडले आणि अनेकांचे प्राण गेले. मैलापाण्यातून पिण्याच्या पाण्यात शिरणारा या काविळीचा विषाणू गर्भवती स्त्रियांसाठी विशेष घातक असतो. नदीचे आरोग्य आणि माणसाचे आरोग्य हे दोन स्वतंत्र विषय नाहीत, हे त्या उन्हाळ्याने दाखवून दिले.

पाणी बदलण्याचा मार्ग

कोल्हापूर शहराला पूर्वापार बालिंगा, नागदेववाडी आणि शिंगणापूर येथील उपसा केंद्रांतून पाणी मिळत आले. वाढते शहर आणि नदीच्या प्रदूषणाची भीती यामुळे दूधगंगा नदीवरील काळम्मावाडी धरणातून थेट जलवाहिनी आणावी, ही मागणी अनेक वर्षे गाजली. त्यासाठी आंदोलने झाली, निवडणुका लढवल्या गेल्या. सुमारे ५३ किलोमीटर लांबीच्या या योजनेचे पाणी अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या दिवसांत, पुईखडीला पोहोचले. शहरासाठी तो आनंदाचा क्षण होता आणि त्या आनंदात काही गैर नव्हते.

इचलकरंजीचा प्रवास अधिक बोलका आहे. या शहराचे पहिले पाणी पंचगंगेचे. ते बिघडल्यावर मजरेवाडीजवळून कृष्णेचे पाणी आणण्यात आले. तेही अपुरे पडू लागल्यावर वारणा नदीवरून योजना आखण्यात आली, पण वारणाकाठच्या गावांनी तिला तीव्र विरोध केला. नंतर दूधगंगेवर सुळकूड येथून पाणी उचलण्याची योजना पुढे आली, तर कागल तालुक्यासह दूधगंगाकाठ विरोधात उभा राहिला. एका शहराने चार नद्यांकडे पाहिले आणि अखेरच्या दोन ठिकाणी दार बंद झाले.

विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांना स्वार्थी म्हणणे सोपे आहे. ‘तुमची नदी तुम्ही बिघडवली, आता आमची का?’ हा त्यांचा प्रश्न मात्र रास्त आहे. दुसरीकडे, तहानलेल्या शहरातील यंत्रमाग कामगाराने नदी बिघडवलेली नाही, हेही तितकेच खरे. त्याच्या घरी आठवड्यात मोजकेच दिवस पाणी येते. म्हणजे नदी बिघडवणारे एक, पाण्याविना राहणारे दुसरे आणि पाणी देण्यास सांगितले जाणारे तिसरेच, अशी ही विभागणी आहे. जलवाहिनीच्या राजकारणात हे तिन्ही पक्ष एकमेकांसमोर उभे केले जातात आणि मूळ नदीचा विषय बाजूला पडतो.

शहराचे पाणी दुसऱ्या खोऱ्यातून आले की आणखी एक गोष्ट घडते. आलेले जादा पाणी वापरानंतर सांडपाणी होते आणि ते पंचगंगेतच जाते. पुरवठ्याचा साधारण ८० टक्के भाग सांडपाण्याच्या रूपाने परततो, असे नियोजनात गृहीत धरले जाते. थेट जलवाहिनीबरोबर प्रक्रिया क्षमता वाढली नाही, तर स्वच्छ पाण्याची योजनाच नदीवरील भार वाढवणारी ठरते. शिवाय शहराला नदीचे पाणी प्यायचे नसेल, तर ते स्वच्छ ठेवण्याची निकडही नाहीशी होते. खालच्या अंगाच्या गावांना मात्र ही मुभा नाही. तेरवाड, शिरोळ, कुरुंदवाड, नृसिंहवाडी यांच्यासाठी वरून येईल तेच पाणी असते.

कायदे आहेत, अंमल कोठे?

पाणी प्रदूषणाविरुद्ध कायद्यांची वानवा नाही. महाराष्ट्राने केंद्राच्याही आधी पाऊल टाकले आणि राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले. केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १९७४ चा. उद्योगांना संमतिपत्र बंधनकारक करणे, दोषींचे पाणी व वीज तोडणे, कारखाना बंद करणे असे अधिकार मंडळाला आहेत. प्रदूषणमुक्त पाणी हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटले. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व १९९६ मध्ये भारतीय कायद्याचा भाग मानले गेले. उद्योग आणि नगरपालिकांनी ठरावीक मुदतीत प्रक्रिया केंद्रे उभारावीत, असा आदेश २०१७ मध्ये आला. पंचगंगेचा प्रश्नही जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, अर्थात ‘नीरी’ने, नदीचा अभ्यास केला.

अडचण अंमलबजावणीत आहे. माशांचा खच पडला की नमुने घेतले जातात, नोटिसा निघतात, काही दिवस कारखान्यांचे पाणी बंद होते आणि प्रवाह वाढला की विषय वाहून जातो. नमुना घेईपर्यंत घाणीचा लोंढा पुढे गेलेला असतो. कारखान्याला नोटीस देता येते, पण महापालिकेचे ‘उत्पादन’ बंद कसे करणार? शहराची गटारे एक दिवसही थांबवता येत नाहीत. २०२४ मध्ये केंद्राने जल कायद्यात दुरुस्ती करून अनेक उल्लंघनांसाठी कैदेऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. ज्या राज्यांनी ही दुरुस्ती स्वीकारली, तेथे ती लागू होते. दंडाची रक्कम प्रक्रियेच्या खर्चापेक्षा स्वस्त वाटू लागली, तर तो दंड न राहता परवाना बनतो.

टिकाऊ उपाय कोणते?

नदी पुन्हा जिवंत होऊ शकते काय, या प्रश्नाचे उत्तर परदेशातील एका उदाहरणात सापडते. लंडनच्या टेम्स नदीचा शहरातील भाग १९५७ मध्ये जीवशास्त्रीय दृष्ट्या मृत मानला गेला होता. तेथे नवी नदी शोधली गेली नाही. मैलापाणी प्रक्रिया केंद्रांची क्षमता व दर्जा सुधारण्यात आला. पाण्यात प्राणवायू परतला आणि मासे आपणहून परत आले. पंचगंगेसाठीही क्रम हाच असावा लागेल.

पहिली पायरी सांडपाण्याची. प्रत्येक नाल्याचे पाणी प्रक्रियेशिवाय नदीत जाणार नाही, यासाठी केंद्राची क्षमता कागदावर असून भागत नाही. पंपांना पर्यायी वीज, गळक्या वाहिन्यांची दुरुस्ती आणि घरोघरची जोडणी यांवर केंद्राचे यश अवलंबून असते. मोठ्या गावांसाठी महागड्या यंत्रणेपेक्षा पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून सांडपाणी नेणारी पद्धत परवडते. ‘नीरी’ने विकसित केलेले ‘फायटोरिड’ तंत्र याच तत्त्वावर चालते. त्यासाठी जागा लागते, वीज मात्र नाममात्र लागते.

दुसरी पायरी पुनर्वापराची. प्रक्रिया केलेले पाणी औद्योगिक वसाहतींना आणि शेतीला देता आले, तर नदीतील भार आणि धरणावरील मागणी दोन्ही घटतात. वस्त्रोद्योगात क्षार वेगळे करून पाणी पुन्हा वापरण्याची यंत्रणा खर्चिक असते. लहान उद्योजकाला ती एकट्याने झेपत नाही. ती सामुदायिक पातळीवर उभी करून तिचा खर्च वापराच्या प्रमाणात वसूल करणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

तिसरी पायरी प्रवाहाची. धरणातून पाणी सोडताना सिंचन आणि पिण्याचे पाणी यांचा हिशेब होतो, नदीच्या स्वतःच्या गरजेचा होत नाही. उन्हाळ्यातही ठरावीक किमान प्रवाह राखणे, बरगे टप्प्याटप्प्याने काढणे आणि बंधाऱ्यांमागील गाळ वेळेवर हलवणे यासाठी नवे धरण लागत नाही, समन्वय लागतो. मात्र घाण पुढे ढकलण्यासाठी धरणाचे पाणी सोडणे हा उपाय नव्हे. त्यामुळे शिरोळची घाण कृष्णेत आणि कृष्णेतून कर्नाटकात जाते, एवढेच.

चौथी पायरी काठाची. काठावर वाळा, करंज, जांभूळ, उंबर अशा वनस्पतींचा पट्टा राखला तर शेतातून येणारे खत आणि माती अडते व पाण्यावर सावली पडते. उसाला ठिबक सिंचन आणि माती परीक्षणानुसार खत दिले तर शेतकऱ्याचा खर्चही वाचतो. पूररेषेतील बांधकामांना आळा घालणे हाही याच पट्ट्याचा भाग आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची पातळी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर गेली. नदीची जागा नदीला ठेवणे हे प्रदूषण आणि पूर या दोन्हींवरचे औषध आहे.

पाचवी पायरी माहितीची. नदीच्या पाण्यातील प्राणवायू, प्राणवायूची मागणी आणि मैलाजंतूंचे आकडे बंधाऱ्यागणिक, रोजच्या रोज, मराठीत आणि सर्वांना दिसतील असे लावले गेले पाहिजेत. पुराच्या दिवसांत प्रत्येक कोल्हापूरकराला पंचगंगेची पातळी फूट-इंचांत तोंडपाठ असते. उन्हाळ्यात तिच्यातील प्राणवायूचा आकडा कोणालाच ठाऊक नसतो. लोकांना सवय नाही असे नव्हे, त्यांना आकडा दिला जात नाही.

लोकसहभागाच्या बाबतीत या जिल्ह्याने वाट दाखवली आहे. गणेश विसर्जनाच्या वेळी मूर्तिदान आणि निर्माल्यदान यांची चळवळ येथे वर्षानुवर्षे रुजली आणि लोकांनी श्रद्धा न सोडता सवय बदलली. एका दिवसाच्या विसर्जनाबाबत जो समंजसपणा लोकांनी दाखवला, तोच वर्षाचे ३६५ दिवस मैलापाण्याबाबत यंत्रणांनी दाखवावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

दूधगंगेच्या पाण्याने कोल्हापूरची तहान भागेल आणि उद्या एखाद्या नदीचे पाणी इचलकरंजीलाही मिळेल. परंतु पश्चिम महाराष्ट्रातील खोऱ्यांची संख्या मर्यादित आहे आणि प्रत्येक खोऱ्यात माणसे राहतात. दूधगंगा आणि वारणा या नद्यांच्या काठीही गावे वाढत आहेत, कारखाने उभे राहत आहेत. पंचगंगेच्या वाट्याला आलेली उपेक्षा त्यांच्याही वाट्याला आली, तर त्यानंतर जलवाहिनी टाकण्यासाठी नवी नदी उरणार नाही. थेट जलवाहिनीसाठी दाखवलेली चिकाटी आणि ओतलेला पैसा यांचा काही भाग नाल्यांच्या मुखाशी वळवणे, हा म्हणूनच दयाबुद्धीचा नव्हे, तर शहाणपणाचा व्यवहार आहे. त्याचा पहिला लाभ शहरांना नव्हे, तर तेरवाडच्या भोयाला आणि शिरोळच्या पाणवठ्याला होईल. या कामाचे खरे मोजमापही तेथेच होईल.